मॅट्रिकला जुंपलेली जोडी

आमच्या गावचं हायस्कूल ज्या गोदामात सुरू झालं तिथं आधी सरकी साठवायचे. सरकी गेली, वास राहिला. त्या वासानं गावातल्या म्हशी खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या आणि तास संपेपर्यंत हलायच्या नाहीत. हजेरीच्या बाबतीत त्यांनी आम्हा पोरांना कधीच मागं टाकलं होतं. एका म्हशीला तर आफ्रिका खंडातली सगळी पिकं तोंडपाठ होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं ती म्हैस हजर करावी.

पण त्या गोदामाला हसायचं काम नाही. ते सुरू व्हायच्या आधी सातवी झालेल्या पोराला पुढं शिकायचं तर अंबडला नाहीतर जालन्याला कुण्या पाव्हण्याच्या ओसरीवर जाऊन पडावं लागायचं. ज्याला तसा पाव्हणा नाही त्याची शाळा सातवीलाच संपायची, आणि पोरींची तर त्याही आधी. आता आई खुरपता खुरपता मान वर करायची, तर समोर गोदाम. आत आपलं पोरगं. तेच पोरगं संध्याकाळी शेरडं घेऊन घरी येणार, हायब्रीड ज्वारीच्या पिशवीवर काय छापलंय ते बापाला वाचून दाखवणार, आणि औषधाची बाटली प्यायची का अंगाला चोळायची हेही सांगणार. ही बाटलीची भानगड साधी नव्हती. त्याआधी आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं खोकल्याचं औषध महिनाभर गुडघ्याला चोळलं होतं. गुडघा खोकायचा थांबला, एवढं मात्र खरं.

शाळेत सगळे यायचे. हुशार, मठ्ठ, दोनदा नापास झालेले, मिसरूड फुटलेले, लग्न ठरलेल्या पोरी, आमच्या बौद्धवाड्यातली पोरं, बागायतदारांची पोरं. हेडसरांनी कुणाला दारातून परत पाठवलं नाही. ते स्वतः अंबडकडच्या शेतकऱ्याचं पोर. धोतरावर कोट घालायचे आणि बोलताना समोरच्याच्या चपलांकडं बघायचे. एकदा एक बाप पोराची मानगूट धरून आला.

"सर, हे बिलकुल ढ हाये. ह्याला ठिवून काय करता?"

सर त्याच्या चपलांकडं बघत म्हणाले, "पहिल्याच दिवशी नांगराला सरळ चाललेला गोऱ्हा कधी बघितला का तुम्ही?"

"न्हाई ब्वा."

"मंग सोडा त्याची मान. आन् आणा इकडं."

नवा गोऱ्हा कसा शिकवतात ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याला मुरलेल्या बैलाच्या शेजारी जुंपतात. मुरलेला चालतो, नवा त्याच्या खांद्यानं ओढला जातो, आणि हंगाम संपता संपता त्याला वळण लागतं. सरांनी तेच वर्गात केलं. एका तरटपट्टीवर एक पक्का, एक कच्चा. पोरींच्या जोड्या वेगळ्या, पोरांच्या वेगळ्या. प्रश्न कायम कच्च्याला. तो चुकला तर उभं दोघांनी राहायचं, बरोबर आला तर शाबासकी दोघांना. त्यामुळं हुशार पोरं स्वतःची कातडी वाचवायला शेजारच्याला शिकवायची. मास्तर चार होते, पण शिकवणारी तोंडं अर्ध्या शाळेइतकी होती.

अकरावीतली, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गातली, सगळ्यात गाजलेली जोडी आमच्या घरची. म्हणजे अर्धी आमच्या घरची.

कच्चा बैल माझा थोरला भाऊ, दादा. त्याला एस.टी.चा कंडक्टर व्हायचं होतं. निसर्गानं त्याला त्याच कामासाठी घडवलं होतं, कारण त्याचा आवाज. दादानं शेतातून हाळी दिली की वडीगोद्रीच्या हॉटेलवाल्याच्या हातातला कप निसटायचा. त्याच्या "हजर सर"नं गोदामाचे पत्रे वाजायचे, आणि पावसाळ्यात कुठला पत्रा सैल झालाय हे बघायला शिपाई मुद्दाम दादाला हजर म्हणायला लावायचा. पण नुसत्या आवाजावर कंडक्टर होता येत नव्हतं. मॅट्रिक पास पाहिजे होती. आमच्या वाड्यातून तोवर मॅट्रिकला कुणी बसलंच नव्हतं, आणि दादाचा गणिताशी उभा दावा होता. पास झाला तर खाकी कपडे आणि महिन्याचा पगार. नापास झाला तर बापासोबत दुसऱ्याच्या रानात मजुरी, जन्मभर. बाप हे रोज जेवताना एकदा बोलून दाखवायचा. आई बोलायची नाही, भाकर जरा जोरात थापायची.

पक्का बैल सरपंचांचा पोरगा. हुशार म्हणजे किती, तर पुस्तकात गणित चुकीचं छापलं असलं तर ते त्याला बघून आपोआप दुरुस्त व्हायचं. पण आवाज डासाचा. सरांनी त्याला विचारलं की उत्तर ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच बसकण मारायचं. दादाला गणित शिकवायची युक्ती त्यानंच काढली. सगळं गणित त्यानं एस.टी.त बसवलं. व्याज म्हणजे टपावरचं सामान, जितका लांबचा प्रवास तितकं जास्त भाडं. आणि बीजगणितातला क्ष म्हणजे बिनतिकिटाचा प्रवासी.

"गाडीत माणसं किती, तिकिटं किती, मंग हा लपलेला कोण?" सरपंचांचा पोरगा कानाशी गुणगुणायचा.

"सापडला!" दादा ओरडायचा, आणि खिडकीतल्या म्हशी दचकायच्या.

दिवाळी झाली आणि सरपंच शाळेत आले. मागं शाळा कमिटीचे लोक, त्यांच्या मागं रिकामटेकडं गाव. सरपंच माणूस वाईट नव्हता. पोराला औरंगाबादला इंजिनियर करायचं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते डोक्यात मावत नव्हतं म्हणून कपाळावर दिसायचं.

"सर, आमचा बैल सोडा."

"काय झालं?"

"दमून राह्यला. मॅट्रिकचं साल हाये. त्यानं सोताचं वझं वढावं का दुसऱ्याचं?"

"शिकवल्यानं त्याचंबी पक्कं होतं, सरपंच."

"ते पुस्तकातलं झालं. माझ्या गोठ्यात तीस साल बैल हाईत. कच्च्यासंगं पक्का लई दिवस जुंपला की पक्क्याचा खांदा सुजून येतो. बराबर का न्हाई?"

गावातले सगळ्यात जुने बैलवाले आजोबा तिथं होते. त्यांनी वर्गात डोकावून पट्टीवरची जोडी नीट न्याहाळली.

"खांदा येईन न्हाई तर काय! उलटी जुंपली ना जोडी. पक्का भाईर पाहिजे, नांगराच्या तासात. तुमचा तर भिताडाकडं घातलाय."

झालं! गाव दोन तुकड्यांत फाटलं. पक्का तासात का कच्चा तासात, यावर लिंबाखाली असा वाद पेटला की त्या दिवशी पुढच्या हंगामाची निम्मी नांगरट तोंडानंच झाली. गणित, मॅट्रिक, इंजिनियर, सगळं राहिलं बाजूला. सरपंच मात्र हटले नाहीत. शेवटी सर म्हणाले, "पोरगं तुमचं आहे," आणि जोडी सुटली.

दादाचं काय झालं ते लगेच दिसलं. सहामाहीपर्यंत सापडत आलेले बिनतिकिटाचे प्रवासी पुन्हा सीटखाली गेले. तो घरी वही उघडून बसायचा आणि आवाज न करता बसायचा. त्याचा आवाज बंद झालेला आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकला. बापानं एक दिवस त्याच्यासाठी नवा विळा आणून दाराशी ठेवला.

तिकडं सरपंचांच्या वाड्यावर वेगळंच चाललं होतं. त्यांचा पोरगा एकटा पट्टीवर बसला, आणि शिकवायला कुणी नाही म्हटल्यावर त्याच्या डोक्यातलं गणित आतल्या आत आंबायला लागलं. चाचणीत त्याला भूमितीचं प्रमेय आठवेना. मग तो घरी गोठ्यात जाऊन बैलाला प्रमेय शिकवायला लागला. सरपंचीणबाईंनी ऐकलं. पोरगं बैलाच्या कानाशी लागून म्हणतंय, "हे कोन समान, मंग त्या बाजू समान. आता तू सांग." बैल काही सांगेना, म्हणून पोरगं रडतंय. बाईंनी मिरच्या ओवाळल्या. बाहेरचं बघणारा आणला. त्यानं पुष्कळ खोलात जाऊन निदान केलं की पोराला वाऱ्याची बाधा आहे. बैलाला काही झालेलं नाही, असंही त्यानं आपणहून सांगितलं.

बघणारा येऊन गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सरपंच परत शाळेत. या वेळी एकटे. हेडसर त्यांच्या चपलांकडं बघत बसले. माघार घ्यायची तर कशी घ्यायची, हा सरपंचापुढं मोठा प्रश्न असतो. गाव बघत असतं.

"सर, मी इच्यार केला," सरपंच म्हणाले. "म्हातारा बराबर बोलत होता. चूक बाजूची झाल्ती. तुम्ही तरी काय करणार, तुम्ही पडले मास्तर."

"खरं आहे. मला नांगरटीतलं कमी कळतं." ज्यांच्या बापाच्या घरी चार बैलजोड्या होत्या त्या हेडसरांनी हे मिशीचा केस न हलवता सांगितलं.

"तर बाजू बदलून जुंपा."

तर बाजू बदलून जुंपली. सरपंचांचा पोरगा भिंतीकडचा बाहेर आला, दादा भिंतीकडं गेला. त्या दिवशी दादानं पहिलाच बिनतिकिटाचा प्रवासी असा धरला की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट पिंपळगाव रेणुकाईला जाऊन बसली म्हणतात. सरपंचीणबाई वाऱ्याची बाधा उतरली म्हणून खुश. आजोबा तर मरेपर्यंत सांगत राहिले की मॅट्रिकचं गणित त्यांनीच सोडवलं.

परीक्षा अंबडला झाली. निकालाचा पेपर एस.टी.नं आला. सरपंचांच्या पोराचा नंबर ठळक. दादाचा नंबर नव्हता. आम्ही पेपर उलटा धरला, उन्हात धरला, नव्हताच. बाप उठून रानाकडं निघाला. पुढं गुणपत्रक आलं तेव्हा हेडसर ते घेऊन स्वतः आमच्या वाड्यात आले. गणितात पास! इंग्रजीत पास! नापास झाला होता तो एकट्या मराठीत, आईच्या भाषेत.

"काय लिहिलंस रे?" सरांनी विचारलं.

दादानं खाली मान घालून सांगितलं. निबंधाला विषय आला होता एस.टी. बसचं आत्मवृत्त. दादाला वाटलं, देव पावला. त्यानं गाडी वडीगोद्रीहून जालन्याला सोडली आणि एकही फाटा चुकवला नाही. प्रत्येक फाट्यावर कोण चढलं, कुणाच्या हातात कोंबडी होती, कुणी अर्धं तिकीट मागितलं, सगळं लिहिलं. पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या. घंटा झाली तेव्हा गाडी अजून अंबडच्या स्टँडात उभी होती, आणि बाकीचे सगळे प्रश्न जालन्यात वाट बघत होते.

हेडसर हसले नाहीत. त्यांनी आमच्या अंगणात नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. मी तेव्हा नववीत. गणितात यथातथा, पण थापा मारण्यात तालुक्यात पहिला, आणि मुख्य म्हणजे थाप कुठं संपवायची हे मला कळायचं.

"याला जुंपा त्याच्याशी," सर म्हणाले. "ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत."

धाकट्यानं थोरल्याला शिकवायचं, हे आमच्याकडं सहज पचत नाही. पण दादा मुकाट्यानं बसला. तो गाडी सोडायचा, मी घंटी वाजवायचो. "दोन फाटे झाले, दादा, आता जालना!" "आरं पण त्या म्हातारीचं गठुडं..." "गठुडं खाली टाक!" तो चिडायचा, वही भिरकावायचा, परत आणायचा. ऑक्टोबरात त्याची गाडी वेळेत जालन्याला पोचली आणि वाटेत व्याकरणाच्या प्रश्नालाही थांबली. पास झाला.

बापानं दाराशी ठेवलेला विळा उचलून आत नेला. दादाच्या खाकी कपड्यांना अजून वेळ होता, भरती निघायची होती, पण त्या संध्याकाळी वाड्यातल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी येऊन गेलं. सगळे गेल्यावर सरपंच आले. अंगणात उभे राहिले. सोबत त्यांची आठवीतली लेक.

"पोरगं पास झालं, लई झ्याक झालं," ते बापाला म्हणाले. मग लेकीला पुढं करून, "ही आमची गणितात बिलकुल कच्ची हाये. तुमची धाकली पक्की हाये म्हणं. सरांना सांगतो, दोघींना एका पट्टीवर घालतो. घरीबी शिकवंल का ती? रोज धाडा तिला आमच्याकडं."

माझी धाकटी बहीण, तीही आठवीतच, चुलीशी होती. तिथूनच म्हणाली, "मी न्हाई येणार काका. मला सैपाक असतो. तिला इकडं धाडा."

बाप खोकला. आईचा हात परातीत थांबला. सरपंचांच्या घरची पोरगी बौद्धवाड्यात येऊन आमच्या चुलीशी बसून अभ्यास करणार, हे त्या वेळी माझ्या थापांतही बसणारं नव्हतं. सरपंचांनी लेकीकडं बघितलं. लेक आधीच चपला काढत होती.

"बरं," सरपंच म्हणाले, आणि आई म्हणाली, "सरक गं, तिला बसू दे."