काडतूस कुणाचं

बारीक नळीच्या रायफलीची काडतुसं घरी भरायची तर दोन गोष्टींचं जमावं लागतं, दारूचं आणि गोळीचं. दारू मी बघायचो. गोळी डिचोलीच्या बाजारातला एक शेट बघायचा. शेट म्हणजे सोनार, आमच्या भागात सोनाराला शेटच म्हणतात. माझी शाळा दुसरीत सुटली, पण दारूची पारख मला कुणी शिकवली नाही, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

रायफल बापाची. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या अमदानीत परवाना काढून घेतलेली. आमचं भाताचं शेत मुळगावला, डोंगराच्या पायथ्याशी. खाणवाल्यांनी डोंगर खणायला घेतला आणि वरची रानडुकरं सगळी खाली आमच्या भातात उतरली. गोवा मुक्त झाल्यावर त्या मापाची काडतुसं दुकानात यायची बंद झाली. मग काय करणार? झाडलेल्या काडतुसांची पितळी कवचं जपून ठेवायची, घासूनपुसून पुन्हा भरायची. परवाना होता, चोरीचं काम नव्हतं.

दारू घेताना दुकानदार काय सांगतो ते मी कधी ऐकलं नाही. चिमूटभर पांढऱ्या कागदावर ठेवून पेटवायचो. चांगली दारू भस्सकन वर जाते आणि कागद पांढराच राहतो. वाईट दारू कागदावर काळा डाग सोडते, कधी भोकही पाडते. मग दाणा बघायचा. बारीक दाण्याची दारू तापट, एकदम भडकते. जाड दाण्याची सावकाश, गोळीला ढकलत ढकलत नेते. कुठली चांगली म्हणून विचाराल तर उत्तर नाही. गोळी कुठली, त्यावर आहे.

आणि गोळी शेटाची. तो केरीच्या मच्छीमारांकडून जाळ्याची जुनी शिशाची वजनं आणायचा. ते शिसं मऊ, नखाने ओरखडा उठावा इतकं. खाणीच्या ट्रकांच्या बॅटऱ्यांतलं शिसं फुकट मिळायचं, पण त्याला तो हात लावायचा नाही. ओतलेली प्रत्येक गोळी सोन्याच्या तराजूत घालायचा. एखादी हलकी लागली की म्हणायचा, हिच्या पोटात वारा आहे, आणि परत मुशीत टाकायचा. गोळीला तो लेक म्हणायचा, त्याच्या कोंकणीत धूव, आणि माझ्या दारूला जावई.

"गांवकार, तुजी दारू तापट," तो म्हणायचा. "म्हजे धुवेक असलो घोव नाका. नळयेंत शिरतकच रडटली ती."

रडणं म्हणजे मऊ शिसं तापट दारूने वितळून नळीच्या आतल्या आट्यांना फासणं. मग ते खरवडत बसा.

"तुझ्या लेकीला जरा घट्ट कर," मी म्हणायचो. "कथील घाल थोडं."

"घालतां. पूण तूं जांवय बदल."

"जावई नाही बदलणार. लेक दुसरीकडे दे."

"दुसरेकडेन? तुजे बंदुकेक तरी दुसरो कोण सासरो मेळटलो रे?"

त्याची बायको आतून ओरडायची, "सगळो दीस दारू दारू करतात आनी पियेवंक एकूय ना!" मग चहा यायचा. असं आम्ही वर्षानुवर्षं केलं. कुठल्या भाषेत बोलत होतो ते विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं. अर्धं त्याचं, अर्धं माझं, पेडण्याच्या बाजूचं थोडं, राहिलेलं पाखल्यांचं.

पुढे भाषेचा वाद पेटला. गोव्याची भाषा मराठी की कोंकणी? मी मराठीवाला. देवळातली आरती मराठी, भजन मराठी, मी जी काय दोन अक्षरं शिकलो ती मराठी. ती कुणी दुसऱ्याची म्हणायला लागला तर मी गप्प बसणार नव्हतो, आजही बसणार नाही. शेट कोंकणीवाला. आईच्या तोंडची भाषा ती आपली, असं त्याचं म्हणणं. पेपर मात्र रोज मराठीच वाचायचा, हे मी त्याला ऐकवलं होतं. तेव्हा हसला होता.

बिनसलं ते एका शब्दावरून. दुकानात पाचसहा माणसं बसली होती. मी गोळ्या बसवायला आणलेल्या रिकाम्या कवचांची पिशवी पुढे ठेवली आणि म्हणालो, "शेट, काडतुसं आणलीत."

तो म्हणाला, "पळयात, मराठीवालो कोंकणी उलयता! काडतूस हें आमचें उतर." उतर म्हणजे शब्द.

मी म्हणालो, "काडतूस मराठी. माझा बाप म्हणायचा."

"तुजो बापूय कोंकणीच उलयतालो मरे!"

बापावर गेल्यावर मी तापलो. तोही सोडीना. शेवटी कोपऱ्यात बसलेला एक म्हातारा, पाखल्यांच्या वेळचा कारकून, चष्मा पुसत म्हणाला, "दोघेय वोगी रावात. काडतूस पाखल्यांचें. कार्तूश. ते गेले, उतर हांगाच उरलें."

सगळे पोट धरून हसले. आम्ही दोघे हसलो नाही. हसलो असतो तर तिथंच मिटलं असतं. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो.

पुढच्या खेपेला मी ठरवून गेलो. पुस्तकातली मराठी काढली. "आपण गोळ्या तयार केल्या आहेत काय?"

त्याने रेडिओवरची कोंकणी काढली. "गुळयो तयार आसात. तुमी मेजून घेवच्यो."

तुमी! मला तो जन्मात कधी तुमी म्हणाला नव्हता. दारू कुठली आहे ते त्याने विचारलं नाही, शिसं कसलं आहे ते मी विचारलं नाही. लेक नाही, जावई नाही. त्या गोळ्या नळीत रडल्या, आणि मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

मग मी स्वतःच गोळ्या ओतायला लागलो. ट्रकच्या बॅटरीचं शिसं घेतलं. ते कडक, नळीतल्या आट्यांना धरीना. केळीच्या बुंध्याला पुठ्ठा टांगून नेम धरला. भोक गोल पडायला हवं, ते पडलं लांबट. गोळी आडवी होऊन जात होती. दारू बदलली, जाड घातली, बारीक घातली, तरी तेच. डुकरं भात खाऊन गेली. ही बातमी बाजारात पोचली आणि शेट म्हणाला म्हणे, "गांवकाराची गुळी आडवी वता? वतली मरे. तिणें भास बदलल्या."

बोलणं झकास होतं. तोंडावर बोलला असता तर मी त्याच्या पाठीत गुद्दा घालून हसलो असतो. दुसऱ्याच्या तोंडून आलं, म्हणून लागलं.

कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा मिळाली. मग गोवा वेगळं राज्य झालं. दोघांनाही पेढे वाटता आले असते. बाजारातून जाताना मी त्याच्या दुकानासमोर रस्ता बदलायचो. माझं म्हणणं चुकलं नव्हतं, मग मी आधी का जावं? त्यालाही तसंच वाटत असणार.

बरीच वर्षं गेली. शेटाला वारा गेला, अर्धं अंग लुळं पडलं, असं कळलं. तराजू धरायचा तोच हात गेला. तेव्हा मात्र मी गेलो. बसमध्ये सगळी वाट मनात घोकत होतो की गेल्याबरोबर म्हणायचं, शेट्या, तुझ्या लेकीवाचून माझा जावई आडवा पडलाय रे.

तो खाटेवर होता. मुलगा उभा होता, सून होती, पणजीहून आलेले दोन शिकलेले पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. शेटाने मला ओळखलं. तोंड वाकडं झालेलं, तरी शब्द कळले.

"गांवकार... आतां खंयची दारू घालता?"

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मी सदरा खाली ओढला, ताठ बसलो आणि म्हणालो, "आपली प्रकृती आता कशी आहे?"

कुठून आलं ते वाक्य, मला आजही कळत नाही. ते बाहेर पडताना मी ऐकत होतो, पण थांबवता आलं नाही.

शेटाने एकदा माझ्याकडे, एकदा पाहुण्यांकडे बघितलं. मग जीभ सावरत, एकेक शब्द नीट लावत, स्वच्छ मराठीत म्हणाला, "ठीक आहे. आपण आलात, बरं वाटलं."

सुनेने चहा आणला. मी तो सगळा घेतला, कप खाली ठेवला आणि उठलो. दाराशी थांबलो होतो थोडा. त्याने डोळे मिटले होते. गणेश चवथीच्या आधीच तो गेला.