रसभरीला कोयती

विहिरीपासून धुण्याच्या दगडापर्यंत आमच्या रत्नागिरीच्या घरामागे एक वाट होती. दोन हजार सालच्या आगेमागे ती एका रसभरीने गिळली. रोप पुण्याच्या नणंदेने दिलेलं. टोमॅटो-वांग्याच्या कुळातलं, फळ मात्र पातळ कागदी टोपरात बसलेलं, गोटीएवढं. दिवाळीत लावलं तेव्हा वीतभर होतं. संक्रांतीपर्यंत ते चारी अंगांनी पसरलं आणि धुण्याच्या दगडावर चढून बसलं. ओली चादर पिळायला मला उभं राहायलाही जागा उरली नाही.

छाटायचं म्हटलं, तर घरात सासरे होते.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या हापूसच्या बागेत गेलं. बाग मालकाची, पण शब्द यांचा. कुठल्या कलमाला पाड लागला, तोडणी कधी धरायची, हे मालकसुद्धा यांना विचारून ठरवायचा. गुडघे गेले तेव्हा आम्ही त्यांना गावाहून आमच्याकडे आणलं. निघताना मालकाचा मुलगा म्हणाला होता, की काका, तुम्हाला फोन केल्याशिवाय पहिला आंबा काढणार नाही. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, हे मला तेव्हाच कळलं होतं. सासऱ्यांनी मात्र तो शब्द गाठीला बांधला. आमच्याकडे फोन नुकताच आला होता. माघ लागला तशी त्यांनी आपली खुर्ची त्याच्याजवळ सरकवली.

फोन काही वाजायचा नाही. मग ते उठून मागीलदारी जायचे आणि रसभरीकडे बघत राहायचे. "फळत्या झाडाला लोखंड लावायचा नाय हां," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. मी कोयती खुंटीला अडकवली आणि धुणं न्हाणीत हलवलं. माझ्या कपाळावरच्या आठ्या त्यांना दिसत नसाव्यात. मोतीबिंदूचा तेवढा तरी फायदा.

पुढे फळं धरली आणि हापूसचे सगळे कायदे त्या बिचाऱ्या रोपाला लागू झाले. गळून पडलेलं फळ ते फळच नव्हे. पडीचा आंबा पेटीत जात नाही, मग पडीची रसभरी आमच्या तोंडात कशी जाणार? रोज सकाळी खाली पडलेली सुकी टोपरं मी पाचोळ्याबरोबर झाडायची आणि कुंपणाच्या दगडी गडग्याजवळच्या खतखड्ड्यात लोटायची. झाडावरची हिरवी, घट्ट फळं सासरे स्वतः काढायचे, देठासकट, चीक अंगावर उडू नये म्हणून तोंड बाजूला करून. रसभरीला चीक नसतो, पण हे सांगणार कोण? पलंगाखाली भाताचा पेंढा पसरून त्यांनी तिची रीतसर आढी घातली. येता-जाता वाकून वास घ्यायचे. गुडघे दुखतात हे तेवढ्यापुरतं विसरायचे.

आढी उघडली त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक फळ ठेवण्यात आलं. माझा नवरा बापासमोर कधी तोंड वाकडं करत नाही. तोही उठून मोरीत थुंकून आला. सासऱ्यांनी आपलं फळ चावून गिळलं. बियाचं झाड आहे, कलम थोडंच आहे, म्हणाले. शिवाय आत साका असणार, हापूसचा गर आतून बिघडतो तसा.

शिमग्याला नणंद आली. चहा व्हायच्या आत ती मागीलदारी गेली, खाली पडलेलं एक टोपर उचललं, सोललं आणि आतली केशरी गोटी तोंडात टाकली. मग दुसरी. "अगं वहिनी, ही पिकली की आपणहून गळते," ती म्हणाली. म्हणजे सगळा हंगाम आम्ही पिकलेलं खड्ड्यात घातलं होतं आणि कच्चं पेंढ्यात. जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या कुठून काढायच्या, तेही तिने बोट ठेवून दाखवलं. छाटलं की नवी फूट येते म्हणाली. मला हसू आवरेना. हसत हसत वळले तर दारात सासरे उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते फोनजवळ जाऊन बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नवऱ्याला बाजारात बागेतला एक गडी भेटला. तोडणी धरली होती आणि पहिली पेटी मुंबईला गेलीसुद्धा होती. नवऱ्याने हे जेवताना सांगितलं. सांगून झाल्यावर, आपण काय सांगितलं ते त्याला कळलं. सासऱ्यांनी ताटातला भात संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची फोनजवळून उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली.

"छाट ते झाड," मला म्हणाले. "मला काय विचारायचाय त्यात?"

मला हवं होतं तेच मिळालं होतं. कोयती घेऊन मी मागीलदारी गेले, एक फांदी हातात धरली, आणि त्या मालकाच्या मुलाचा मला असा राग आला की फांदी तशीच सोडून दिली. एक फोन करायला याचं काय जात होतं? खोटं खोटं विचारायचं होतं. यांनी दिवस सांगितला असता, त्याने हो हो म्हणून हवा तेव्हा आंबा काढला असता.

मी कोयती घेऊन परत पडवीत आले. "बाबा," म्हटलं, "कुठून कापू?"

ते लगेच उठले नाहीत. जाणकार माणूस विचारल्याबरोबर उठत नाही. आधी चष्मा मागितला, मग काठी. झाडाला एक फेरी घातली, उन्हाकडे बघितलं, खोड अंगठ्याने दाबून पाहिलं. जन्मात त्यांनी रसभरी छाटली नव्हती. शेवटी त्यांनी काठी टेकवली, ती नणंदेने दाखवलेल्या जागेच्या चांगली हातभर वर.

"हितून," म्हणाले. "आणि त्या दगडावरच्या फांदीला हात लावू नको. फळती आहे ती."

मी तिथूनच कापलं. धुणं त्या वर्षी न्हाणीतच राहिलं.

पाऊस लागल्यावर खतखड्ड्यात रसभरीची रोपंच रोपं उगवली. आम्हीच फेकलेल्या फळांची. आळीतल्या बायका रोपं मागायला आल्या तेव्हा सासऱ्यांनी प्रत्येकीला सांगितलं, की छाटणी जागेवर पडली की झाड असं उपकार फेडतं. अट एकच, पुढे कोयती लावायच्या आधी त्यांना विचारून जायचं. मी खड्ड्यातली रोपं उपटून एकेकीच्या हातात देत राहिले. बायका खरंच विचारायला यायला लागल्या. खुर्ची पडवीतच राहिली, रस्त्याकडे तोंड करून. आत फोन वाजला तरी ते वळून बघत नसत. कोणाचा आहे ते मीच बघायची.