निळ्या शटरचा फोटो

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर फुटपाथवरच्या गटाराचं झाकण एका बाजूने खचलं होतं. सासूबाई काठी घेऊन चालतात. त्यांचा पाय तिथे एकदा अडकला, वॉचमनने धरलं म्हणून वाचल्या. त्यानंतर त्यांनी बागेत जाणंच सोडलं. मी फोटो काढून पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली.

आठवड्याभरात मेसेज आला : तक्रार निकाली. सोबत नव्या कोऱ्या झाकणाचा फोटो. मी खाली जाऊन पाहिलं, तर झाकण होतं तसंच. सासूबाईंना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ह्यां आपलां झाकण नाय गो. मागे शटर दिसता. आपल्या गल्लीत दुकान खंय आसा?"

खरंच, झाकणामागे निळं शटर होतं. मी ॲपवर त्या कामाला एक स्टार दिला, शेरा लिहिला, 'हा फोटो आमच्या गल्लीतला नाही. काम झालेलं नाही.' खाली आमच्या झाकणाचा ताजा फोटो जोडला आणि तक्रार पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना वॉर्डातल्या इंजिनीअरचा फोन आला.

"मॅडम, एका स्टारने आमचं रेटिंग खाली जातं. तेवढं बदला ना."

"बदलते की. आधी झाकण बदला."

"फोटो तर आलाय कामाचा."

"तो उघडून बघा. मी थांबते."

पलीकडून माउसचे क्लिक ऐकू आले. मग हळूच म्हणाला, "फोटो कंत्राटदार टाकतो. मी बघितला नव्हता."

शनिवारी तो स्वतः माणसं घेऊन आला. सासूबाई खुर्ची टाकून गेटपाशीच बसल्या होत्या. झाकण बसल्यावर त्यांनी त्यावर उभं राहून बघितलं आणि त्याला चहा विचारला.

मी त्याच्यासमोरच चार स्टार दिले. तो म्हणाला, "शेरापण काढा ना आता."

"तो राहू दे. त्याखाली लिहिते, तुम्ही स्वतः येऊन काम करून घेतलंत म्हणून. जे झालं ते सगळंच दिसू दे लोकांना."

त्याला ते फारसं आवडलं नाही, पण वाद घातला नाही.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये 'निकाली'चा मेसेज आला की आधी कोणीतरी खाली जाऊन बघतं. परवा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दिव्याच्या खांबाची तक्रार केली, तर त्याच इंजिनीअरचा त्यांना फोन आला, "काम झालंय. तुम्ही बघून सांगा, मगच तक्रार बंद करतो."