बॅरलावरची घोंगडी

बॅरलात शेवाळ होऊ न देण्यात सबंद वस्तीवर माझा हात धरनारा कुणी न्हाय. वस्तीवर घरं तीनच, अन् बाकीच्या दोघांकडं झाकणाच्या काळ्या टाक्या हाईत.

म्या घरजावई. मेंढरं राखाय गेलो तर मेंढरंच मला राखत घरी आणायची. म्हणून सासऱ्यानं माझ्याकडं पाण्याचं बॅरल दिलं. टँकर आठ दिसांनी यायचा. बॅरल पांढरं, उनातलं. चार दिसांत आतनं हिरवंगार. मग सासरा तांब्या भरायचा अन् सगळ्यांदेखत म्हणायचा, "जावईबापू, पैलं तुमी प्या. सांजपतूर उभं ऱ्हायलात तर मेंढरास्नी पाजू." म्या प्यायचो. मेंढरं बघत ऱ्हायची.

औंदा उन्हाळ्यात सासरा देवाला सोनारीला निघाला अन् बजावून गेला, "ह्या खेपंला पाण्याची नासाडी झाली तर तुमी तुमच्या गावाची यष्टी धरायची." गावाकडं मला कोण इचारतंय! सख्खा भाऊ दारात उभं करत न्हाय.

त्या दोघांच्या टाक्यांत शेवाळ का धरत न्हाय, ते म्या हेरून ठिवलं होतं. काळ्यातनं उजेड आत शिरत न्हाय. आमच्या बॅरलाचं झाकण तर कवाच वाऱ्यानं गेलेलं. मग सासऱ्याची काळी घोंगडी खुंटीवरनं काढली, पाणी गार बी पडावं म्हणून वली केली अन् बॅरलावर टाकली. मधला झोळ पाण्यात बुडालेला, कडा भायेर जमिनीपतूर लोंबत्यात. आत अंधार गुडूप.

दुसऱ्या दिशी बायकू म्हणली, "अवो, बॅरलाखाली चिखल झालाय."

"घाम हाय त्यो. माठाला येतो तसा."

"एवढा?"

"मोठं हाय बॅरल."

मेंढरं येऊन त्यो चिखल चाटाय लागली. मला वाटलं, माझं कौतुक कराय आल्यात.

सासरा आला तसा म्या ऐटीत घोंगडी वडली. शेवाळाचा ठिपका न्हाय. अन् अर्ध्याच्या वर पाणी बी न्हाय. घोंगडीनं दिव्याच्या वातीगत पाणी वर वढून भायेर गाळलं होतं. टँकरला अजून पाच दिस.

सासऱ्यानं घोंगडी घेतली अन् मेंढरांच्या पाण्याच्या घमेल्यात पिळली. मेंढरं एकमेकांवर पडली.

म्या म्हटलं, "मामा, शेवाळ तर न्हाय की धरलं."

बायकूनं माझी पिशवी भायेर आणून ठिवली. सासऱ्यानं तिच्याकडं बघितलं.

"पोरी, ऱ्हाऊ दे ह्याला हितंच. त्या गावानं आपलं काय वाईट केलंय?"