कवितेतले वडील

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर माझे डोळे आले. आम्ही नेरूळला राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते आणि सोसायटीत घरोघरी ती साथ होती. उजेड सहन होईना, पापण्या चिकटलेल्या, आणि मराठीच्या बाईंना नेमकं टिपण हवं होतं: नेमलेल्या कवितांमध्ये आई-वडील आणि मुलांचं नातं कसकसं दिसतं, त्याची तुलना. मी रडकुंडीला आले. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. ते म्हणाले, मी वाचतो, तू ऐक, आणि सांगशील ते लिहून घेतो.

बाबांनी आयुष्यात कविता मोठ्याने वाचली नसावी. ऑफिसात परिपत्रक वाचून दाखवावं तशी त्यांनी पहिली वाचली. तीत आई सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाते. दुसरीतली आई तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसून असते. तिसरीतही आईच, चुलीपुढे. आमची आई स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. जवळच्या दिवाळे गावची कोळीण नुकतीच देऊन गेली होती. तिथूनच आईने विचारलं, ही बाई कधी बसून जेवत नाही का? तव्यावरचा पहिला बोंबील आपण स्वतः खातो, असंही तिने सांगून टाकलं. बाबा हसले आणि पुढच्या कवितेकडे वळले.

ती वडिलांवरची होती. वडील गेल्यावर मुलगा त्यांचे जोडे पायात घालून बघतो. त्यानंतरचीही तसलीच, भिंतीवरच्या फोटोशी बोलणारी मुलगी. बाबांनी पुस्तक मिटलं, ते मला नुसत्या आवाजावरून कळलं.

"आई जिवंतपणी कवितेत येते," ते म्हणाले. "बाप गेल्यावर."

मी म्हटलं, वडील फारसं बोलत नाहीत, म्हणून असेल. त्यावर बाबांनी आजोबांची एक गोष्ट सांगितली. बाबा नोकरीसाठी सातारा सोडून निघाले, तेव्हा आजोबा एसटी स्टँडपर्यंत आले होते. गाडी सुटेपर्यंत ते कंडक्टरशीच गप्पा मारत उभे होते. मुलाशी एक शब्द नाही. गाडी सुटल्यावर कंडक्टर मागे आला आणि म्हणाला, "चल, फुडं बस. गाडी लागते म्हनं तुला."

"मला वाटायचं, त्यांना ते माहीतच नाही," बाबा म्हणाले.

एवढं सांगून त्यांनी पेन उघडलं. टिपणात मी तेच सांगितलं, की या कवितांमधलं आईचं प्रेम मुलांना त्याच वेळी दिसतं, वडिलांचं मात्र उशिरा, बहुतेकदा दुसऱ्या कुणाकडून कळतं. बाबांनी ते एकही शब्द न बदलता लिहून घेतलं.

डोळे बरे झाल्यावर मी कॉलेजात गेले. बाईंनी टिपण वर्गात वाचायला लावलं आणि बाकीच्यांना त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं. बहुतेकांनी तक्रारीच केल्या, पण बोलायचं कुणी थांबेना. मीही एसटीची गोष्ट सांगितली.

घरी येऊन हे बाबांना सांगितलं, तेव्हा ते जरा अवघडले. रागावले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आजोबांचं नाव सांगितलंस का?"

नाव मी सांगितलं नव्हतं.

"सांगायचं होतंस," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.