उभ्यानं वापरायचं भिंग

चाळिशी उलटली आणि मला जवळचं धूसर दिसू लागलं. हे मला कळायच्या आधी लालबागच्या चाळींना कळलं. झालं असं, की गिरणीत काम करणाऱ्या एका मावशींची खालची दाढ मी काढली. पुढे तिथे काही तरी टोचायला लागलं, तशा त्या गिरगावातल्या एका मोठ्या दंतवैद्यांकडे गेल्या. माझे गुरूच ते. त्यांच्याकडे हत्यारं उकळण्यापासून मी धंदा शिकलो. त्यांनी मावशींना सांगितलं, "मूळ आत राहिलंय. त्याचे डोळे गेलेत आता." सांगायचंच होतं, तर त्यांनी मला सांगायचं. त्यांनी चाळीला सांगितलं. माझी खुर्ची रिकामी पडायला लागली.

मी मावशींना निरोप धाडला, उद्या या, पुन्हा बघतो. आणि तडक गिरगावात डॉक्टरी सामानाच्या दुकानात गेलो. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघायचा होता. शेठनी शटर अर्धं ओढलं होतं.

"लवकर बोला साहेब, दगड पडला तर काच कोण भरून देणार?"

कपाळाला पट्ट्यानं बांधायची दोन भिंगं त्यांनी काढली. एक जोराचं, एक बेताचं. "गिरगावचे मोठे डॉक्टर हे जोराचंच वापरतात."

म्हणजे माझे गुरूच. एवढं ऐकलं आणि हात त्याच्याकडेच गेला. पण न वापरता वस्तू घेणारा मी नव्हे.

"शेठ, खुर्चीवर बसा. तोंड उघडा."

"माझं?"

"मग काय माझं? मुंबई कुणाची ते बाहेर ठरतंय, तोवर तुमचा जबडा माझा."

शिव्या देत ते बसले. आम्ही तेव्हा उभ्यानंच काम करायचो. जोराच्या भिंगातून नीट दिसायला मला इतकं वाकावं लागलं, की माझ्याच डोक्याची सावली त्यांच्या तोंडात पडली आणि नाकात तंबाखूचा भपका शिरला. बेताचं बांधलं. ताठ उभा राहिलो, तरी मागच्या दाढेची कीड लख्ख दिसली. बाहेर घोषणा जवळ येत होत्या. शेठ उठायला बघत होते, मी त्यांचा खांदा दाबून धरला आणि जोराचं परत जोखलं. गुरूंकडे आहे ते माझ्याकडे नसावं, हे सहन होईना. शेवटी चिडूनच बेताचं उचललं आणि भाव पाडला. जाताना शेठना त्यांची किडकी दाढही दाखवून दिली.

रात्री झोप लागली नाही. मूळ खरंच राहिलं असेल तर?

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. हिरडीतून एक टोक वर आलं होतं. नुसत्या डोळ्यांना पांढरा ठिपका, भिंगातून चपटं आणि धारदार. मूळ पिवळसर असतं, गोलसर असतं. ही हाडाची कपची होती. दाढ काढल्यावर कधी कधी अशी सुटून वर येते. चिमट्यानं धरली, अलगद निघाली.

"मावशी, हे मूळ नाही, हाड आहे. गिरगावात जाऊन दाखवा त्यांना."

त्यांनी जीभ फिरवून पाहिली. "टोचायचं थांबलं बघा."

"ते ठीक. पण दाखवाल ना?"

"मी कशाला जाऊ? गिरणीत पाळी सुरू व्हायची वेळ झाली माझी. तुमचं भांडण तुम्ही बघा, डॉक्टर."

त्या गेल्या. कापसावरची कपची घेऊन मी दारात उभा राहिलो. 'मूळ राहिलंय' हा आपला शब्द गुरूंनी पुढेही कधी मागे घेतला नाही. मीही त्यांना तो विसरू दिला नाही.