मधले सात वासे

"पुंडलिकराव, गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा मूर्खपणा आहे. तरी लिहिते, कारण तुम्ही होतात तेव्हा 'माझं चुकलं' एवढं एकदाही तोंडातून निघालं नाही."

इथवर लिहून पद्मजाबाईंनी पेन आपटलं. पस्तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, आणि चुकल्या त्या साध्या वजनात!

भिलाईतल्या खुर्सीपारला त्यांच्या महिला मंडळानं बालवाडीची खोली बांधली. छप्पर एकपाखी, टिनाचं. पद्मजाबाईंनी पुस्तकातलं कोष्टक पाहून वासे ठरवले: दोन बाय तीन इंची, दोन-दोन फुटांवर, आठ नग. पुंडलिकराव रेल्वेतले निवृत्त सुतार; त्यांनी तसे बसवले. मग मंडळाला वाटलं, टिनाखाली लेकरं भाजतील, कवेलू, म्हणजे मातीची कौलं, घालू. वजन कितीतरी पट वाढलं, वासे तेच.

"मॅडम, मधात एकेक वासा पायजे."

"उद्या बाराला उद्घाटन आहे, पुंडलिकराव. कोष्टकात सूट धरलेली असते."

"कोष्टक थोडीच बसनार हाये खाली? बावीस लेकरं बसतील."

पुंडलिकरावांनी एका वाशाखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरा ताणला, मध्ये बोटभर फट ठेवून. कवेलू चढले. फट अर्धी झाली.

"बघा, टिकलं!"

"कोरडं हाये अजून. पावसात भिजून जड होईल. बायाहो, बाहेर व्हा सगळ्या."

पुंडलिकराव शिडी चढले आणि कवेलूंवर बादल्या ओतू लागले. बायका बाहेर गेल्या. पद्मजाबाई हट्टानं आत उभ्या राहिल्या, नजर दोऱ्यावर. लाकूड दोऱ्याला टेकलं. मग दोराच खाली वाकला. वर कुठेतरी कर्र वाजलं.

"बाहेर, मॅडम! कावून उभ्या राहिल्या?"

हा माणूस त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडला, आणि त्या पळाल्या.

छप्पर पडलं नाही. अंधार पडायच्या आत कवेलू उतरवले. लाकडाची टाल बंद झाली होती, दुसऱ्या दिवशी रविवार. निमंत्रणं गेलेली. पाहुण्यांना फोन करायचा तर कारण सांगावं लागणार. पद्मजाबाईंनी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

"सकाळी येतो," पुंडलिकराव म्हणाले.

आठ वाजता ई-रिक्षा आली. टपावर सात वासे, जुने, काळपट, खिळ्यांच्या भोकांचे. मागच्या सीटवरून त्यांची बायको वच्छलाबाई कडाडली, "पाहा जी मॅडम! घरची पडवी उतरवून आनली या मानसानं! माह्या सासऱ्याच्या फोटोवर ऊन पडून राहिलं!"

"बाबा रेल्वेतच होते. उन्हाची सवय हाये त्याहिले."

साडेअकरापर्यंत प्रत्येक दोन वाशांच्या मधात एक, असे सातही ठोकले गेले. पुन्हा कवेलू, पुन्हा बादल्या. पद्मजाबाई पुन्हा आत उभ्या. फट राहिली, लाकूड दोऱ्याला टेकलं नाही. बाराला लेकरं बसली.

"मंगळवारी पावर हाउसच्या बाजारात टालीवर जाऊन तुमचे सात वासे मी स्वतः आणते," त्या म्हणाल्या. तेवढं तरी जमायला हवं होतं.

पुंडलिकरावांनी चपट्या पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली: सरई लाकूड, २ बाय ३, नऊ फूट, नग ७. "ओलं देईल तो. वाजवून घेजा."

मंगळवारी मीटिंग निघाली. पुढच्या मंगळवारी प्रवेशाच्या याद्या. पद्मजाबाई विसरल्या मुळीच नाहीत, पुढे ढकलत गेल्या. दिवाळीनंतर पुंडलिकराव गेले. भिलाई-३ मधल्या त्यांच्या घराच्या पडवीवर वच्छलाबाईंनी निळी ताडपत्री बांधली आहे.

पद्मजाबाईंनी पेन पुन्हा उचललं. पर्समधली चिठ्ठी समोर उलगडून ठेवली, आणि लिहिलं, "वासे अजून आणलेले नाहीत."